समर प्रोजेक्टला रविवार हवा!

मे महिना उजाडला की होस्टेलच्या व्हरांड्यात एकच प्रश्न ऐकू येतो, "काय बे, उन्हाळ्यात काय करून राहिला?" उत्तरं ठरलेली आहेत. कोणी म्हणतो 'ट्रेनिंग', म्हणजे काकांच्या ओळखीनं एखाद्या कंपनीत जायचं, आठ दिवस चहा प्यायचा आणि नवव्या दिवशी सर्टिफिकेट घेऊन यायचं. कोणी म्हणतो 'गेटचा अभ्यास', म्हणजे पुस्तकं विकत घ्यायची. कोणी नुसतंच 'घरी' म्हणतो आणि विषय संपवतो. आणि प्रत्येक बॅचमध्ये दोन-तीन जण असे निघतात, जे जरा मान ताठ करून सांगतात, "समर रिसर्च."

या 'समर रिसर्च'बद्दल मला दोन शब्द लिहायचे आहेत. मॅगझिनच्या मराठी विभागात 'मैत्री', 'पाऊस' आणि 'आई' या विषयांवर बाकीचे मित्र लिहितीलच. तेव्हा माझी ही थोडी रुक्ष वाटणारी, पण आपल्या सगळ्यांच्या कामाची गोष्ट सहन करा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात माहिती. बंगळूरची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन विज्ञान अकादम्या मिळून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या संशोधकाच्या हाताखाली काम करायला पाठवतात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही उन्हाळ्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांना बोलावते. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशावर १९८७ पासून पदवीच्या पोरांसाठी असे प्रोग्रॅम चालू आहेत. कल्पना साधी आहे. परीक्षा नाही, मार्क नाहीत, सिलॅबस नाही. एक प्रश्न, एक गाईड आणि आठ-दहा आठवडे. उत्तर मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर का नाही मिळालं ते लिहा.

यातल्या बऱ्याच प्रोग्रॅमच्या माहितीपत्रकात शेवटी शेवटी दोन ओळी असतात. शनिवार-रविवारी आजूबाजूच्या परिसरात सहल आणि संध्याकाळी लाइव्ह म्युझिक. या दोन ओळी वाचून आपल्याकडे दोन प्रतिक्रिया उमटतात. पोरं म्हणतात, "भारी आहे रे, फिरायला मिळते!" आणि सर म्हणतात, "हे संशोधन आहे की पिकनिक?"

माझं मत असं की दोघंही त्या ओळी अर्धवट वाचतात. त्या ओळी म्हणजे पोरांना खेचायला लावलेली झालर नाही, आणि कामात घातलेली भेसळ तर नाहीच नाही. त्या प्रोग्रॅमचा अर्धा भाग आहेत. आणि ही गोष्ट समजून घ्यायला बंगळूर किंवा बोस्टनला जायची गरज नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात बोदलकसा नावाचा तलाव आहे, तिथपर्यंत आलात तरी पुरे.

बोदलकसाच का?

बोदलकसा आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे ते पर्यटन महामंडळाच्या रिसॉर्टमुळे किंवा नागझिऱ्याला जाता-येता लागणारं पाणी म्हणून. पण सिव्हिलवाल्यांनी तरी ते जरा वेगळ्या नजरेनं बघायला हवं. हे १९१७ सालचं मातीचं धरण आहे. लांबी ५१० मीटर, उंची १९ मीटरच्या थोडी वर, आणि साठवण क्षमता १७ दशलक्ष घनमीटरच्या पुढे. म्हणजे ज्या काळात जेसीबी नव्हता, व्हायब्रेटरी रोलर नव्हता, सॉइल मेकॅनिक्सचं आपण शिकतो ते पुस्तकही नव्हतं, त्या काळात इथं माती घालून दाबून धरण उभं केलं गेलं. कार्ल तेरझागीचं ज्या ग्रंथापासून हा विषय सुरू झाला असं मानतात, तो १९२५ साली आला. बोदलकसा त्याच्या आधी आठ वर्षं पाणी अडवून उभं होतं!

आणि हे एकटं नाही. जवळच चोरखमारा आहे. तिकडे दक्षिणेला नवेगावबांध, जो अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. त्याशिवाय गावोगावचे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले 'मामा तलाव'. पूर्व विदर्भात त्यांची संख्या साडेसहा हजारांच्या वर आहे. कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधले तेव्हा त्यांच्याकडे ना डम्पी लेव्हल होती ना थिओडोलाइट. पण पाळ कुठं घालायची, जास्तीचं पाणी काढायला सलंग कुठं ठेवायची आणि शेताला पाणी सोडायचं तुडूम किती उंचीवर बसवायचं, हे त्यांना बिनचूक कळत होतं. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि 'सगळ्यांचा तलाव म्हणजे कोणाचाच नाही' असं होत होत अनेक तलाव गाळानं भरले, बेशरमीच्या झुडपांनी व्यापले.

आता मला सांगा, यात संशोधनाचे किती विषय आहेत? शंभर वर्षांत बोदलकशात गाळ किती साचला? खरी साठवण आज किती उरली? उन्हाळ्यात बाष्पीभवनानं किती पाणी जातं? यातला शेवटचा हिशेब तर इथंच, या पानावर करता येतो. मे महिन्याच्या उन्हात उघड्या पाण्यावरून दिवसाला एक सेंटिमीटर थर वाफ होऊन गेला असं धरा. पाण्याचा पसारा एक चौरस किलोमीटर असेल तर दिवसाला दहा हजार घनमीटर पाणी गेलं, म्हणजे एक कोटी लिटर. होस्टेलची टाकी रिकामी झाल्यावर येतो तो दहा हजार लिटरचा टँकर आठवा. असे हजार टँकर, रोज, आवाज न करता आभाळात! हा एक सेंटिमीटर खरा की खोटा, हे मोजायला एक पत्र्याचं भांडं, एक पट्टी आणि रोज सकाळी ठरल्या वेळी उठणारा एक विद्यार्थी लागतो. पहिल्या दोन गोष्टी स्वस्त आहेत. तिसरी आपल्या होस्टेलमध्ये जरा दुर्मिळ आहे, पण मिळेल.

आणखी एक गंमत बघा. तलावाचा अभ्यास करायला उन्हाळाच उत्तम. पाणी उतरतं, काठ उघडे पडतात. एरवी जे पाण्याखाली असतं त्यावर सरळ चालत जाऊन लेव्हल घेता येते. राहिलेल्या पाण्यात नाव नेऊन दोरीला वजन बांधून खोली मोजायची. कंटूर काढायचे, क्षेत्रफळ काढायचं, घनफळ काढायचं. दुसऱ्या वर्षाचा सर्व्हेइंगचा पेपर पास झालेला कोणीही हे करू शकतो. म्हणजे ज्या महिन्यात आपण रिकामे असतो, त्याच महिन्यात तलावही रिकामा असतो. असा योग पत्रिकेत सुद्धा जुळत नाही!

मोजलं, पण कोणासाठी?

आमचा तीन दिवसांचा सर्व्हे कॅम्प बोदलकशाला झाला होता. कॅम्प म्हणजे काय असतो ते सगळ्यांना माहीत आहे. एक जण लेव्हलमध्ये डोळा घालतो, एक जण स्टाफ धरून उभा राहतो, एक जण लिहितो आणि उरलेले सात जण सावली शोधतात. दुसऱ्या दिवशी काठावर जाळं सुकवत बसलेल्या एका ढिवर काकांनी आम्हाला विचारलं, "बाबू, दोन दिसापासून मोजून रायले, तं पानी किती हाये थे सांगा ना गा."

आमच्याकडे पन्नास-साठ रीडिंग होते. बेंचमार्क होता, क्लोजिंग एरर होती, ती नियमात बसत होती. पण त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, कारण जर्नलमध्ये तो प्रश्नच नव्हता. काका हसले आणि त्यांनी स्वतःच्या हिशेबानं सांगितलं, की अमुक दगड उघडा पडला म्हणजे इतकं पाणी उरलं, आणि तमुक उघडा पडला की मासळी एका कोपऱ्यात गोळा होते. म्हणजे त्यांच्याकडे गेज होता, आमच्याकडे फक्त स्टाफ होता!

हे मी कॅम्पला नावं ठेवायला लिहीत नाही. तीन दिवसांत उपकरण हाताळायला शिकायचं असतं, ते आम्ही शिकलो. मुद्दा असा की असा प्रश्न कानावर यायला वेळ लागतो, आणि तो कामाच्या वेळेत येत नाही. तो रिकाम्या वेळेत, काठावर बसलेलं असताना येतो. ज्या प्रोग्रॅमला रिकामा वेळच नाही, त्याला असा प्रश्न भेटणारच नाही.

म्हणून मला रविवार हवा आहे.

'संशोधन म्हणजे पिकनिक नव्हे'

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्यात तथ्यही आहे. पण सी. व्ही. रामन यांची गोष्ट आठवा. १९२१ साली ते युरोपला गेले होते. परतीच्या बोटीवर भूमध्य समुद्राचं निळं पाणी बघून त्यांना प्रश्न पडला की हा निळेपणा खरंच नुसतं आकाशाचं प्रतिबिंब आहे का? लगेच जवळच्या साध्या साधनांनी डेकवरच त्यांनी निरीक्षणं सुरू केली. प्रकाशाच्या विखुरण्याचं ते काम पुढे १९२८ च्या शोधापर्यंत आणि नोबेलपर्यंत गेलं. आता बोटीचा प्रवास हे काम होतं की आउटिंग? मला वाटतं, रामनना असा प्रश्नच पडला नसता.

आपल्याच भागातली उदाहरणं घ्या. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीतले माणूस. जंगलात येऊन राहिले आणि 'नागझिरा' हे पुस्तक झालं. मारुती चितमपल्ली वनखात्यात होते, पण नवेगावच्या तलावाकाठी त्यांनी पक्ष्यांची, माशांची, झाडांची जी नावं आणि जी माहिती स्थानिक लोकांकडून गोळा केली, ती काही ऑफिसच्या वेळेत दहा ते पाच बसून केलेली नाही. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले.

पण इथं दुसऱ्या बाजूलाही सावध राहायला हवं. आपल्याकडे कुठलीही चांगली गोष्ट टर्मवर्क करून टाकायची सवय आहे. उद्या कॉलेजनं माझं म्हणणं मान्य केलं आणि 'रविवार सहल – २५ मार्क, अहवाल सोमवारी सकाळी' अशी नोटीस लावली, तर मी स्वतः ती फाडीन. रविवारची हजेरी घेऊ नका. रविवारी ज्याला झोपायचं त्यानं झोपावं, ज्याला नवेगावबांधला जायचं त्यानं जावं, ज्याला तिरोड्यात जाऊन डोसा खायचा त्यानं खावा. काही जणांना पाळीवर बसल्या बसल्या काही दिसेल, काहींना नाही दिसणार. ज्यांना नाही दिसलं त्यांचा रविवार वाया गेला असं नाही. उन्हात सहा दिवस काम केल्यावर डोकं थंड झालं, एवढंही पुष्कळ आहे.

लाइव्ह म्हणजे काय?

आता म्युझिककडे वळतो. आपली ट्रिप म्हटली की बसमध्ये सीटच्या आधी साउंड बॉक्सची जागा ठरते. बोदलकशाच्या पाण्याच्या काठावर उभं राहून लोक मोठ्यानं गाणी लावतात हे मी बघितलं आहे. पलीकडे नागझिऱ्याचं जंगल आहे. २०१३ पासून तो सगळा भाग नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात मोडतो. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे, तो २००० सालचा कायद्याचा नियम आहे. पण नियम सोडा. दिवसभर ज्या तलावाचा आपण अभ्यास करायचा, संध्याकाळी त्यालाच ओरडून गप्प करायचं, हे काही पटत नाही. आणि मुख्य म्हणजे ते लाइव्ह नाहीच. मुंबईच्या स्टुडिओत कधीतरी रेकॉर्ड झालेलं गाणं मोबाइलमधून निघतं आणि डब्यातून वाजतं. त्यात जिवंत काय आहे? बॅटरी?

जिवंत संगीत ऐकायचं तर आपण त्याच्या गावातच बसलो आहोत. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली की इथली नाटकं सुरू होतात ती पार उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्या नाटक कंपन्यांचं मोठं ठिकाण. शंकरपटाच्या निमित्तानं गावात पाहुणे येतात, मंडप पडतो, रात्री नाटक उभं राहतं ते पहाटेपर्यंत. आणि त्यात गाणं रेकॉर्डवर नसतं. ऑर्गन असतो, तबला असतो, ढोलकी असते, हल्ली ऑक्टोपॅड आला आहे. नट स्वतः गातो. आवाज बसला तर बसलेल्या आवाजात गातो, आणि लोकांनी 'वन्स मोअर' दिला तर परत गातो. त्याहून जुनी दंडार आहे, खडी गंमत आहे. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरात दोन दिवस बातम्या आल्या, आणि आपण परत साउंड बॉक्सकडे वळलो.

आता जरा इंजिनीअरसारखा विचार करू. झाडीपट्टीचा सीझन हिवाळ्याचा. मे-जूनमध्ये हे कलावंत काय करतात? बरेच जण शेती करतात, मजुरी करतात, लग्नात वाजवायला जातात. म्हणजे ज्या दोन महिन्यांत आपल्याला संगीत हवं आहे, त्याच दोन महिन्यांत त्यांच्या हाताला नाटकाचं काम नसतं. मागणी आणि पुरवठा इतका सरळ जुळतो, तर जुळवायला काय हरकत आहे? एका शनिवारी संध्याकाळी दोन वादक आणि एक गायक बोलवा. पण बोलावलं तर बिदागी द्या. 'कलेची सेवा', 'विद्यार्थ्यांसाठी एक संधी' वगैरे शब्द वापरून फुकट बोलावू नका. गॅदरिंगच्या डीजेला आपण अॅडव्हान्स देतो, तर ढोलकीवाल्याला निदान जाताना तरी पैसे देऊ.

आणि ज्यांना संगीतात 'संशोधन कुठं आहे' असं विचारायचं आहे, त्यांच्यासाठी परत रामन! तबला आणि मृदंगावर त्यांनी काम केलं होतं, आणि त्यातलं पहिलं टिपण १९२० साली 'नेचर'मध्ये आलं. साध्या ढोलाच्या ताणलेल्या पडद्यातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात, म्हणून तो आवाज नुसता धब्ब असतो. तबल्यावर मधोमध शाई लावलेली असते. त्या वजनामुळे पडद्याची कंपनं बदलतात, वरचे काही स्वर मूळ स्वराच्या पटीत येऊन बसतात आणि तबला सुरात बोलतो. मेकॅनिकलवाल्यांनो, तुमच्या व्हायब्रेशनच्या पेपरमधला तो कंटाळवाणा गोल पडदा हाच! कोणा कारागिरानं ते गणित न मांडता, कानानं सोडवलं होतं. तुडूम बसवणाऱ्या कोहळ्यानं सोडवलं तसंच.

पण इथंही तीच सूचना. कार्यक्रम संपल्यावर 'तबल्याच्या कंपनांवर टीप लिहा' असं करू नका. ऐकू द्या.

जाऊ शकतो कोण?

आतापर्यंत सगळं गोड गोड झालं. आता जरा कडू.

समर रिसर्चला आपल्या होस्टेलमधून जातं कोण? ज्याचा पॉइंटर चांगला आहे तो, हे खरं. पण तेवढंच नाही. ज्याला दोन महिने घरी पैसे पाठवायचे नाहीत किंवा घरच्या कामाला हातभार लावायचा नाही, तो जातो. माझा एक रूममेट याच जिल्ह्यातल्या जंगलकाठच्या गावचा आहे. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे अख्खं घर जंगलात जातं, पानं तोडून आणतं, दुपारी पुडे बांधतं, संध्याकाळी फळीवर नेऊन देतं. त्या थोड्या दिवसांच्या पैशात त्याची पुढच्या सेमिस्टरची मेस निघते. त्याला प्रोफेसरांनी बाहेरच्या एका प्रोग्रॅमचा फॉर्म भरायला सांगितला होता. त्यानं भरला नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "स्टायपेंड नंतर भेटते ना गा, मेसचं बिल आधी येते."

या पोराला तलाव माझ्यापेक्षा जास्त कळतो. कोणत्या झाडाखाली सावली केव्हा येते, कोणत्या वाटेनं अस्वल येतं, हे त्याला ठाऊक आहे. बोदलकशाच्या अभ्यासात असाच माणूस आधी हवा. आणि आपली पद्धत अशी आहे की तोच आधी गळतो.

दुसरा गट मुलींचा. आपल्या ट्रिपच्या फोटोत किती मुली असतात ते मोजा. सर्व्हे कॅम्पला त्या येतात, कारण तो मार्कांचा असतो. आउटिंगला येत नाहीत, कारण तिथं वॉर्डन मॅडमची परवानगी, घरचं पत्र आणि संध्याकाळी सातची हजेरी आडवी येते. म्हणजे काम सगळ्यांना आणि रविवार फक्त पोरांना. मग ज्या रिकाम्या वेळेचं मी इतकं कौतुक केलं, तो अर्ध्या वर्गाला मिळतच नाही. परवानगी नाकारणं सोपं असतं. सुरक्षित मुक्काम, सोबत एक मॅडम आणि वेळेवर परत आणणारी गाडी, एवढी सोय करणं थोडं कष्टाचं आहे, इतकंच.

तर मग करायचं काय?

माझी योजना छोटी आहे. कॉलेजनं स्वतःचा सहा आठवड्यांचा उन्हाळी प्रोग्रॅम काढावा. पहिल्या वर्षी दहाच विद्यार्थी, निदान चार मुली. विषय एकच, बोदलकसा आणि आसपासचे दोन-तीन मामा तलाव. सिव्हिलनं गाळ आणि साठवण मोजावी, इलेक्ट्रॉनिक्सनं पाण्याची पातळी सांगणारं स्वस्त यंत्र करावं, कॉम्प्युटरनं नकाशे आणि नोंदी सांभाळाव्यात. उन्हाळा आपल्याकडे पंचेचाळीस अंशांचा, म्हणून बाहेरचं काम सकाळी सहा ते दहा, दुपारी आकडेमोड.

स्टायपेंड दर आठवड्याला, हातात. आणि तो हंगामात तेंदूपत्त्याला जाऊन जितके मिळतील त्यापेक्षा कमी नसावा. तो पॉकेटमनी नाही, रोजी आहे.

शनिवारी सकाळी गावच्या पारावर किंवा ग्रामपंचायतीत बसून आठवडाभर काय सापडलं ते मराठीत सांगायचं. पॉवरपॉइंट नाही. ढिवर काकांनी 'पानी किती हाये' विचारलं तर आकडा देता आला पाहिजे. त्यांना पटला नाही तर का नाही, ते ऐकून घेता आलं पाहिजे. याच जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीनं ढिवर समाजाच्या बाया-माणसांनी तलावातली बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती लावल्या, देशी मासे परत यावेत म्हणून. म्हणजे आपण शिकवायला नाही, बरोबरीनं काम करायला चाललो आहोत, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट असावं.

शनिवारी संध्याकाळी संगीत. रविवार मोकळा. नियम दोनच. पाण्यात कोणी उतरायचं नाही, पोहायला येत असलं तरी नाही. आणि साउंड बॉक्स होस्टेलला ठेवून यायचा.

"हे सगळं विद्यापीठात बसत नाही" असं कोणी म्हणेल. बसतं. आयआयटी मुंबईत 'सितारा' नावाचा विभाग आहे, त्याचे एम.टेक.चे विद्यार्थी गावात जाऊन राहतात आणि तिथल्या पाण्याचा, चुलीचा, रस्त्याचा अभ्यास करतात. त्याच धर्तीवर इंजिनीअरिंग कॉलेजांनी आपापल्या जिल्ह्याचे प्रश्न घ्यावेत म्हणून महाराष्ट्र शासनानं २०१६ साली उन्नत महाराष्ट्र अभियान काढलं. दार उघडंच आहे, आपण उंबऱ्यावर चपला शोधत उभे आहोत.

"पैसा कुठून आणायचा?" हा खरा प्रश्न आहे, तो मी टाळत नाही. दहा पोरं, सहा आठवडे, स्टायपेंड, जेवण, गाडी आणि बिदागी. याची बेरीज करून बघा आणि ती गॅदरिंगच्या स्टेज, लाइट आणि साउंडच्या बिलाशेजारी ठेवा. कोणती मोठी निघते ते मी सांगत नाही. जनरल सेक्रेटरी आपलाच मित्र आहे, त्याला बिल मागा.

"आणि यातून निघणार काय?" पेपर निघेल का, पेटंट निघेल का, प्लेसमेंटला उपयोग होईल का? तिरोड्याला ३३०० मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे, तिथं ट्रेनिंग केलं तर बायोडेटा चांगला दिसतो, हे मान्य. तेही करावं. पण शंभर वर्षांच्या एका धरणात आज नेमकं किती पाणी मावतं हा आकडा काढला, तो गावाला समजावून सांगितला, आणि गावानं त्यावर उन्हाळी धानाला किती पाणी सोडायचं ते ठरवलं, तर त्याला आपण काय म्हणणार? माझ्या मते त्यालाच इंजिनीअरिंग म्हणतात. चार वर्षांत ते एकदा तरी व्हायला हवं.

मित्रांनो, पुढचा उन्हाळा येईल तेव्हा व्हरांड्यात परत तोच प्रश्न विचारला जाईल. सर लोकांनी मनावर घेतलं तर दहा जणांचं उत्तर वेगळं असेल. ज्यांना यावंसं वाटतं त्यांनी नावं मराठी विभागाच्या संपादकांकडे द्यावीत. ब्रँचची अट नाही. पॉइंटरची अट नाही. सकाळी सहाला उठायची अट मात्र आहे, रविवार सोडून.